सिहोऱ्याच्या मंडईतल्या आठ कॉर्व्हेट

फोटोत त्या गाडीला दिवेच नव्हते. मी तो फोटो उन्हात धरून पाहिला, चष्मा पुसून पाहिला, थोडा तिरका करूनही पाहिला. नाक होतं, चाकं होती, पाठीवरून माशाच्या काट्यासारखा एक उठाव गेला होता, पण समोर दिवे म्हणून काही नाही. मला वाटलं, जुना कागद आहे, उडाले असतील. तीस वर्षं फायबरचं काम केलेला माणूस एवढ्याशा गोष्टीवर अडून बसत नाही. मी ऑटोरिक्षाचे दोन गोल दिवे आणले, गाडीच्या नाकावर अंतर मोजून दोन भोकं पाडली आणि दिवे बसवून टाकले. गाडी बेडकासारखी दिसायला लागली. पण अंधारात धडपडणाऱ्या सुंदरीपेक्षा दिसणारा बेडूक बरा, असं म्हणून मी घरी गेलो आणि पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी, ज्यांचा तो फोटो होता ते दामोदर काकाजी आले. त्यांनी गाडीच्या नाकावरून तळवा फिरवला, एका दिव्यापाशी थांबले, मागे आले, पुन्हा फिरवला.

“मुरली, हे काय होय?”

“दिवे, काकाजी. फोटोत राहून गेले होते.”

काकाजी रेझिनच्या रिकाम्या डब्यावर बसले आणि इतके हसले की मी पाणी आणायला उठलो. मग म्हणाले, “अरे, हिचे दिवे आत राहतात. दिवसा डोळे मिटून असते. लावाचे तवा उघडते. अन् तू तिले ऑटो करून टाकला.”

ज्या नाकापायी अमेरिकेत लोक वेडे झाले, त्या नाकाला मी तुमसर रोडवरच्या टिनाच्या शेडमध्ये भोकं पाडली होती. ती बुजवायला दोन दिवस गेले.

ही काही माझ्या धंद्यातली पहिली चूक नव्हे. संपादकांनी ‘आपल्या कामाचा अनुभव लिहा’ असं कळवलं तेव्हा मी बायकोला, सुनंदाला, विचारलं की काय लिहू. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “लिवा का खाज सुटते.”

ते खरंच आहे. आमच्या कामाची सुरुवातच खाजेने होते. फायबर म्हणजे काचेचे बारीक धागे. त्यांची चटईसारखी गुंडाळी मिळते, तिला मॅट म्हणतात. ज्या आकाराची वस्तू करायची त्याचा साचा घ्यायचा, त्याला आतून मेण चोपडायचं, त्यावर मॅट अंथरायची आणि रेझिन नावाचा मधासारखा चिकट द्रव ब्रशने तिच्यात जिरवायचा. रेझिनमध्ये हार्डनरचे थेंब टाकले की ते आतून तापतं आणि दगड होतं. थेंब जास्त पडले तर डब्यातच दगड होतं, ब्रशसकट. मेण चोपडायचं विसरलं तर वस्तू साच्याला अशी धरते की दोघांना एकत्रच फोडावं लागतं. आणि वाळलेलं काम घासायला घेतलं की काचेची भुकटी उडते, कॉलरमध्ये शिरते आणि तिथेच मुक्काम करते. आमच्या घरी माझे कपडे वेगळ्या बादलीत धुतले जातात. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ती बादली वेगळी झाली, ती आजतागायत.

या धंद्यात मी पाण्याच्या टाक्या केल्या, शाळांसाठी तोंड उघडलेले ससे केले, ज्यांच्या तोंडात पोरं कचरा टाकतात, देवळांचे कळस केले. एका मंगल कार्यालयाच्या मालकाने दारात नमस्कार करणारी बाई करून मागितली. त्याची अट एकच होती, चेहरा कोणासारखाच नको. आधीच्या कारागिराने केलेल्या बाईचा चेहरा त्याच्या मेहुणीसारखा निघाला होता आणि घरात अबोला झाला होता. कोणासारखाच नसलेला चेहरा करायला मला तीन आठवडे लागले. शेवटी तो माझ्या शाळेतल्या गणिताच्या मास्तरांसारखा झाला, पण ते मालकाला माहीत नव्हतं. एका ढिवराने मासेमारीसाठी फायबरचा डोंगा नेला आणि आठ दिवसांनी परत आणला. म्हणाला, “लय हलका हाये जी. मी जाळं टाकतो एकीकडं, अन् हा वाऱ्यासंगं जाते दुसरीकडं.” मी डोंग्याच्या बुडाला वाळू भरून दिली. तो डोंगा अजून चालतो.

पण या सगळ्यातली कोणतीही वस्तू पाहायला कोणी थांबलं नाही. टाकीकडे माणूस कधी पाहतो, तर ती गळते तेव्हा.

काकाजीही पहिल्यांदा गळत्या टाकीसाठीच आले होते. जवाहरनगरच्या फॅक्टरीत टूलरूममध्ये नोकरी करून ते निवृत्त झालेले, भंडाऱ्यात मुलगा-सुनेजवळ राहणारे. त्याच वेळी माझ्या शेडमध्ये तुकाराम झुलेवाला बसला होता.

तुकाराम सिहोऱ्याकडचा. धानाची थोडी शेती आणि लहान मुलांचा एक गोल झुला, म्हणजे मधे खांब, खांबाला आठ लोखंडी हात आणि प्रत्येक हाताच्या टोकाला बसायला काहीतरी. दिवाळीची भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. दिवसा दंडार, म्हणजे ढोलकीवरचं लोकनाट्य, आणि जत्रा, रात्री नाटक, घरोघरी पाहुणे आणि पाहुण्यांच्या गर्दीत उपवर पोरापोरींची चोरटी पाहापाही. लवकर येणाऱ्या हलक्या धानाची कापणी झालेली असते, लोकांच्या अंगावर नवे कपडे असतात. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची, असा तुकारामचा झुला फिरत असतो. त्याचे लाकडी घोडे कुजले होते आणि त्याला नवीन बैठका हव्या होत्या.

“मोर दे, हत्ती दे, दोन मोटारी दे,” तो मला सांगत होता. “पण रंग भडक पायजे, अन् मोटारीत भोंगा पायजे. लेकरू भोंग्यासाठी रडते, तुमच्या कारागिरीसाठी नाई रडत.”

मोटारी हा शब्द ऐकून काकाजी टाकी विसरले. म्हणाले, “आठ हात हायेत का?” तुकारामने हो म्हटलं. काकाजी ऑटो करून घरी गेले आणि तासाभराने एक जाड फाईल घेऊन आले.

त्या फाईलमध्ये एकच गाडी होती. कॉर्व्हेट. अमेरिकेची दोन माणसांची पळणारी गाडी. काकाजी नोकरीला लागले तेव्हा क्वार्टरमधले एक साहेब बदलीवर जाताना रद्दी विकून गेले. त्या रद्दीतल्या एका परदेशी मासिकात ही गाडी होती, पांढरी, उघडी, आतून लालभडक. काकाजींनी ते पान कापून ठेवलं. तेव्हापासून ही गाडी जेव्हाजेव्हा नवं रूप घेऊन आली, तेव्हातेव्हा त्यांनी कुठून तरी तिचा फोटो मिळवला. नागपूरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून, कोणाच्या भाच्याकडून, पुढे इंटरनेट कॅफेतून छापून. आतापर्यंत तिच्या आठ पिढ्या झाल्या होत्या. आणि तुकारामच्या झुल्याला आठ हात होते.

काकाजींनी स्वतः नोकरी असेतो सायकल आणि फॅक्टरीची बस, याशिवाय काही वापरलं नाही. मी विचारलं, “हिच्यात असं काय आहे, काकाजी?”

त्यांनी जरा विचार केला. “काही नाई बे. मी हिले पाहता पाहता म्हातारा झालो. हे काही झाली नाई.”

मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली, जिच्यामुळे मी घसरलो. म्हणाले, “मुरली, हे गाडी पहिल्यापासून फायबरची हाये. पत्र्याची नाई. पहिल्या गाड्या तिथल्या कारागिरानं हातानं मॅट अंथरून केल्या, तू करतो तशाच.”

मी त्या संध्याकाळी घरी जाऊन चहाच्या आधी सुनंदाला सांगितलं की अमेरिकेची गाडी आणि आपली टाकी एकाच मालाची आहे. ती म्हणाली, “मंग आपली टाकी कायले गळते?”

धंद्याच्या दृष्टीने पाहिलं तर हे काम म्हणजे शुद्ध येडेपणा होता. आमच्या धंद्याचं सूत्र असं की साचा एकदा करायचा आणि माल शंभरदा काढायचा. सगळी मेहनत साच्यात असते. आठ वेगळ्या गाड्या म्हणजे आठ साचे, आणि प्रत्येकातून एकच नग. तुकारामलाही ते पटलं नव्हतं. “लेकराइले अमेरिका काय अन् मोहाडी काय,” असं त्याचं म्हणणं. पण मी त्याला आठ मोरांच्या भावात आठ गाड्या देतो म्हटल्यावर तो भोंग्यांच्या अटीवर तयार झाला.

मी हे का केलं, त्याचं दुसरं कारण मला तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळलं. काकाजींना काचबिंदू होता. दोन्ही डोळ्यांना. नजर कडांकडून आत मिटत आली होती. “नळीतून पाहिल्यावानी दिसते,” ते म्हणाले. “पुढ्यातली वाटी दिसते, ताट नाई दिसत.” नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर येत नाही आणि उरलेली किती दिवस राहील ते सांगता येत नाही. उजेड कमी झाला की ती नळीही बुजायची.

“मले आठी एका रांगेत पाहाच्या हायेत,” ते म्हणाले. “कागदावर पाहून झालं. झुल्यापासून वीस पावलं दूर उभा राहिलो तं अख्खी गाडी नळीत मावते. मी मान हालवाची नाई. पहिली येईल, मंग दुसरी, मंग तिसरी. आठवी गेली का झालं.”

आता या माणसाला मोराची चित्रं कोण दाखवणार.

पोळा होऊन गेला होता. मी बैलगाडीभर तलावाची चिकणमाती आणून शेडमध्ये टाकली आणि आम्ही पहिली गाडी मातीत घडवली, चार फूट लांब, दोन लेकरं बसतील एवढी. मातीवर पीओपीचा साचा, साच्यात फायबर. काकाजी म्हणाले, तिकडेही मोठमोठे इंजिनिअर गाडी आधी मातीतच करतात. मला ते ऐकून फार बरं वाटलं आणि सुनंदाला सांगावंसं वाटलं, पण टाकीची आठवण होऊन गप्प राहिलो.

पहिली गाडी साच्यातून निघाली आणि माझ्या लक्षात आलं की माती संपली. दुसरीसाठी पुन्हा गाडीभर माती आणायची तर पाऊस लागून बसलेला. मग मी पहिलीच माती खरवडायला घेतली. तिचे उघडे गोल डोळे चापट केले, समोरच्या जाळीचे दात काढले, उघड्या पाठीवर छप्पर चढवलं. पहिलीतून दुसरी निघाली. दुसरीची कंबर दाबली, चाकांवरचे खांदे उचलले, तर आमच्या तलावातल्या मरळ माशासारखी तिसरी निघाली. तिसरीची सगळी वळणं फुटपट्टीने कापली तेव्हा चौथी झाली. आठही गाड्या अशा एकाच ढिगातून, एकीला मोडून दुसरी. मला सवय होती, काम झाल्यावर मातीचा लोभ धरायचा नसतो. पण काकाजी प्रत्येक वेळी मी खुरपं लावायच्या आधी म्हणायचे, “थांब.” आणि दोन्ही तळवे नाकापासून शेपटापर्यंत एकदा फिरवून घ्यायचे.

त्यांच्या तळव्याएवढा पक्का तपासनीस मला तीस वर्षांत भेटला नाही. फायबरचं काम डोळ्याने तपासायचं नसतं. डोळा रंगाला फसतो, उजेडाला फसतो. तळव्याला केसाएवढा खड्डा लागतो. मी गुळगुळीत म्हणून सोडलेल्या जागी काकाजींचं बोट जाऊन थांबायचं. “इथं पोट हाये,” ते म्हणायचे आणि तिथे खरंच पोट असायचं. जवळून त्यांना गाडी दिसायचीच नाही, दिसायचं एखादं चाक, एखादा कोपरा. सगळी गाडी त्यांच्या हातात होती.

त्या दोन महिन्यांत मी जरा हललोच होतो. दुपारी शेडमागच्या शेतातल्या बांध्यांत धान पिवळं पडत चाललेलं, टिनाच्या फटीतून उन्हाची तिरीप आत आलेली, तिच्यात काचेची भुकटी चमकत खाली उतरते आहे आणि काकाजी हळू आवाजात सांगताहेत की चौथीच्या आधी एक अख्खं वर्ष गाडी बाजारात आलीच नाही. “मले वाटलं, संपली. कोणाले सांगता? टूलरूममंधी कोणाले सांगू का माहं मन लागून नाई राहिलं, अमेरिकेत एक गाडी बंद पडली म्हणून?” ते ऐकता ऐकता मला मॅटच्या गुंडाळीवर डुलकी लागायची आणि दिसायचं की तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, ती पांढरी गाडी चालली आहे, आवाज न करता. तिच्या मागे दुसरी, मागे तिसरी, पाण्यात त्यांच्या सावल्या, आणि पाळीवर बसलेल्या म्हशी त्यांना वाट देताहेत. जागा झालो की डब्यातलं रेझिन घट्ट झालेलं असायचं. असे मी किती डबे घालवले ते सुनंदाला माहीत आहे.

सहावी गाडी आली तेव्हा मात्र मी खूश झालो. चाळीसेक वर्षं लपवलेले दिवे त्या लोकांनी सहावीत पुन्हा बाहेर आणले होते. मी काकाजींना म्हटलं, “पाहा, शेवटी तिकडच्या लोकांनाही माझं म्हणणं पटलं.” काकाजी म्हणाले, “पटलं, पण त्याइनं ऑटोचे नाई लावले.”

आठवीला खरी मेहनत पडली. सात पिढ्या या गाडीचं इंजिन समोर होतं, आठवीत ते माणसाच्या पाठीमागे गेलं. सात वेळा आम्ही लांब नाक राखलं होतं. आठव्या वेळी नाकाची माती घमेल्यांनी उचलून मागे नेली. काकाजी बराच वेळ त्या आखूड नाकावर हात ठेवून उभे होते. म्हणाले, “नवीन सुनेवानी हाये. चांगली हाये. वेळ लागल.”

रंगांवरून तुकारामशी भांडण झालं. पहिली पांढरीच पाहिजे हा काकाजींचा हट्ट, आणि तुकाराम म्हणे पांढरी गाडी म्हणजे ॲम्ब्युलन्स, तिच्यात कोणती माय आपलं लेकरू बसवील. शेवटी सुनंदा मधे पडली. ती तुकारामला म्हणाली, “भाऊजी, सात तुमच्या मनानं रंगवा, एक त्यांच्या मनानं राहू द्या.” तुकारामने ते ऐकलं. पांढरीत भोंगा मात्र त्याने सगळ्यात मोठा लावला.

मंडईचा दिवस आला. मी सकाळीच टेम्पोत आठही गाड्या घालून सिहोऱ्याला गेलो. सुनंदा काकाजींना घेऊन दुपारून एसटीने येणार होती. टेम्पो वाटेत पंक्चर झाला, झुल्याचे जुने बोल्ट गंजलेले निघाले, आणि गाड्या चढवायला सुरुवात झाली तेव्हा तीन वाजत आले होते. मी प्रत्येक गाडीच्या बुडाला एक ते आठ नंबर टाकून ठेवले होते. तुकाराम खाली पडून नट आवळत होता, मी वरून गाड्या बसवत होतो. एक नंबर बसवली. तिच्या पुढच्या हाताला दोन नंबर, दोनच्या पुढे तीन. नवीन गाडी जुनीच्या पुढे, हे इतकं सरळ होतं की मी त्याचा विचारच केला नाही. पोरं भोवती गोळा झाली होती. एकाने विचारलं, “काका, हे कोणती गाडी होय?” मी म्हटलं, “अमेरिकेची.” तो म्हणाला, “मोटर हाये का नाई मंग आतमंधी?”

काकाजी आले ते सुनंदाचा दंड धरून. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. मी वीस पावलं मोजून त्यांना बांबूच्या कठड्याशी उभं केलं. सूर्य पश्चिमेला कलला होता, पण ऊन स्वच्छ होतं आणि सरळ गाड्यांवर पडत होतं. त्यांनी मान स्थिर केली. तुकारामने लेकरं बसवली आणि मोटर सुरू केली.

पहिल्यांदा पांढरी गेली. तिच्या मागून आली आठवी. आठवीच्या मागून सातवी. मग सहावी.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. फिरणाऱ्या झुल्यात जी पुढे असते ती डोळ्यासमोरून आधी जाते. मी नवीन गाड्या पुढे लावल्या होत्या, म्हणून पाहणाऱ्याला त्या नव्यापासून जुन्याकडे, उलट्या दिसणार होत्या. मी धावत तुकारामकडे गेलो आणि झुला थांबवला. काकाजींपाशी आलो आणि जे झालं ते सांगितलं. खाली पाहूनच सांगितलं.

 त्यांनी विचारलं, “पलटवाले किती वेळ लागल?”

“दीड तास तरी.”

त्यांनी चेहरा उन्हाकडे केला. “दीड तासानं मले तू बी दिसणार नाई, मुरली.”

“उद्या दुसऱ्या गावच्या मंडईत सरळ लावतो, काकाजी. तिथं नेतो तुम्हाला.”

“उद्याचं मले कोणी सांगून नाई राहिलं.” त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला. “फिरव. फक्त हळू फिरव. मघाशी झपकन गेल्या.”

मोटरला हळू माहीत नव्हतं. तिचा एकच वेग. तुकाराम तिथे येऊन उभा राहून सगळं ऐकत होता. त्याने मोटरचा पट्टा काढला, झुल्याच्या एका हाताला खांदा लावला आणि ढकलायला लागला, घाण्याच्या बैलासारखा. उलट्या दिशेने ढकलला असता तर क्रम सरळ आला असता, पण गाड्या शेपटी पुढे करून गेल्या असत्या. पांढरी तेवढी पुढे काढून त्याने आठवीपासून सुरुवात केली.

“काका, जोरात,” लेकरं ओरडली.

“चूप बसा,” तुकाराम म्हणाला. “आज पेट्रोल कमी हाये.”

इतक्या सावकाश फिरणारा झुला मी कधी पाहिला नव्हता. बाजूला दंडारीची ढोलकी चालली होती, जिलेबीच्या कढईचा धूर वाऱ्याने आडवा होऊन उन्हात निळा दिसत होता, आणि त्या धुरातून एक एक गाडी बाहेर येत होती. काकाजी मान न हलवता बोलत होते, आम्हाला ऐकू येईल इतकंच. “आठ. हे नवीन सून.” मग जरा वेळाने, “सात. इंजिन पुढं आलं पाय.” सहावी आली, पाचवी आली. “डोळे मिटले हिनं.” चौथी आली तेव्हा म्हणाले, “हे गाडी येईन का नाई, वाटत होतं मले तवा.” तिसरी मरळीसारखी सळसळत गेली. दुसरी आली, तिच्या नाकावर माझ्या बुजवलेल्या भोकांचा कुठे माग नव्हता.

मग पहिली आली. तिच्यात लाल फ्रॉक घातलेली एक पोरगी एकटीच बसली होती आणि भोंगा वाजवायचं सोडून जिलेबी खात होती. पांढरी गाडी, आत लाल.  गाडी गेली तरी काकाजींनी मान हलवली नाही. मागून पुन्हा आठवी आली तेव्हा फक्त हात वर केला, तसंच फिरव म्हणून.

तुकारामने अकरा की बारा फेऱ्या ढकलल्या. लेकरं उतरायची, दुसरी बसायची, पण ती लाल फ्रॉकवाली उतरलीच नाही, आणि तुकारामने तिला उतरवलीही नाही. प्रत्येक फेरीत काकाजी आठवीपासून बोलत यायचे आणि पहिलीपाशी गप्प व्हायचे. मधे एकदाच माझ्याकडे वळून म्हणाले, “लेका, पुऱ्या अमेरिकेले तू उलट्या पावलानं चालवलं.” ते हसत होते. मी हसलो नाही. तीस वर्षांत मी पुष्कळ कामं बिघडवली, पण बिघडलेलं काम बसून पाहायची पाळी कधी आली नव्हती.

शेवटी त्यांनी हात खाली घेतला. “बस कर म्हणा तुकारामले. अंधार पडला.”

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. सूर्य झाडांवर होता. गाड्या, लेकरं, जिलेबीच्या परातीवरच्या माश्या, आम्हाला सगळं लख्ख दिसत होतं. सुनंदाने पुढे होऊन त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाली, “हो जी काकाजी, पडला.”

परत येताना ते टेम्पोत आमच्या दोघांच्या मधे बसले आणि भंडाऱ्याजवळची वरठी येईपर्यंत झोपले. घरी सोडलं तेव्हा सुनेला म्हणाले, “आठी पाहिल्या,” आणि चप्पल काढायला भिंत चाचपत आत गेले.

घराकडे वळलो तशी मी बोलायला सुरुवात केली, की पुढच्या वर्षी मंडईच्या आधी मी स्वतः बोल्ट काढून सगळ्या सरळ लावीन, नंबर वरून टाकीन, मोटरला गिअर बसवीन, आणि असं बरंच काही. सुनंदाने ते बरंच ऐकून घेतलं. मग म्हणाली, “ते सारं राहू द्या. पांढऱ्या गाडीचा हात जाड लावा अन् बसाची जागा मोठ्या माणसाची करा. पुढच्या मंडईले काकाजीले दिसो का न दिसो. बसाले डोळे कायले लागते?”